धुऊन आणलेली पट्टी

बुद्धप्रिया सर्वगोडला प्रश्न विचारायची खोड होती, आणि ती काही साधीसुधी खोड नव्हे. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत हत्तुरे डॉक्टरांच्या लॅबमध्ये जंतू वाढवायच्या खोलीत ती चौदा वर्षं काम करत होती, आणि या चौदा वर्षांत तिनं डॉक्टरांना इतकं छळलं होतं, की ती दारात दिसली तरी ते चष्मा काढून डोळे चोळायला लागायचे. हा जंतू हिरवाच का? त्याला द्राक्षांचा वास का? एकाला हवा लागते आणि दुसरा हवेनं मरतो, असं का? लहानपणीही हेच. वडील पाणीपुरवठ्याकडे चावीवाले होते, कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं ते त्यांच्या हातातल्या लांब लोखंडी चावीवर. ही पोरगी त्यांच्यामागं फिरायची आणि विचारायची, "बाबा, पाणी सुटायच्या आधी पाइपात काय करतं?" बाबा म्हणायचे, "झोपतं. तूपण घरी जाऊन झोप."

तर अशा या बाईच्या टेबलावर एका सोमवारी अकराच्या सुमाराला जेवणाचा स्टीलचा डबा येऊन बसला. डबा आणणारी बाई पन्नाशीची, हिरव्या लुगड्यातली, पदर घट्ट खोचलेला. नाव सोजरबाई, गाव करकंब.

"डाक्टरनी धाडलंय. तपासायला," ती म्हणाली.

बुद्धप्रियानं डबा उघडला. आत पांढऱ्या धुवट फडक्यात वीतभर लांबीची धातूची पट्टी आणि सहा स्क्रू. मोडलेलं हाड जुळून यावं म्हणून डॉक्टर आतून बसवतात ती पट्टी. लोक सगळ्यालाच रॉड म्हणतात. ही पट्टी सोजरबाईच्या मालकाच्या, सिद्रामच्या, नडगीतून त्याच दिवशी सकाळी काढली होती. आणि ती लखलखत होती. रक्ताचा एक ठिपका नाही, कुठं मांसाचा कण नाही.

"मावशी, हे कुणी पुसलं?"

"पुसलं कशाला? धुतलं की मी. चांगलं खळखळून."

आता इथं जरा थांबून सांगायला हवं, म्हणजे बुद्धप्रिया पुढं का भडकली ते कळेल. हॉस्पिटलचे हाडांचे डॉक्टर, फरहान बागवान, यांनी शनिवारीच तिला फोन करून सगळं सांगितलं होतं. सिद्राम चिंचोळी एमआयडीसीत माल चढवायच्या कामाला. दीड वर्षापूर्वी टेम्पोवरून पडला, नडगी मोडली, पट्टी टाकली. तीन महिन्यांत जखमेतून पू यायला लागला. औषधं दिली की थांबायचा, औषधं थांबली की यायचा. दोनदा पाय उघडून साफ केला, तरी तेच. आणि एवढ्या काळात एकदासुद्धा जंतूचं नाव सापडलं नव्हतं, दरवेळी रिपोर्टवर तेच, वाढ नाही. म्हणून या वेळी फरहान डॉक्टरांनी पंधरा दिवस सगळ्या अँटिबायोटिक गोळ्या बंद केल्या, जंतू गोळीच्या भीतीनं लपून बसू नये म्हणून. माणूस तापानं फणफणला, ठणक्यानं विव्हळला, पण त्यानं गोळी घेतली नाही. "नाव कळलं तर नेमकं औषध देऊन पाय वाचवतो," डॉक्टर म्हणाले होते. "नाही कळलं, तर पुढच्या वेळी गुडघ्याखालून काढावा लागेल. त्याला आणि त्याच्या बायकोला मी हे स्पष्ट सांगितलंय."

ऑपरेशनमध्ये त्यांनी हाडाजवळच्या मांसाचे पाच तुकडे पाच बाटल्यांत घेतले होते. दोन बाटल्यांत तोच जंतू निघाला, तर तो खरा धरायचा, अशी ही रीत. बाटल्या सकाळीच येऊन पोचल्या होत्या, आणि बुद्धप्रियानं झाकण उघडताच तिच्या नाकात फॉर्मालिनचा झणका गेला. ऑपरेशनच्या खोलीत कुणीतरी सवयीनं, मांसाचा तुकडा म्हणजे फॉर्मालिन, असं करून पाचही बाटल्या भरल्या होत्या. फॉर्मालिनमध्ये पडलेला जंतू मरतो. मेलेला जंतू लॅबमधल्या जेलीच्या प्लेटवर वाढत नाही. झालं! पाच तुकडे गेले. उरली ही पट्टी, आणि ती नर्सनं बंद बरणीत घालून सोजरबाईच्या हाती दिली होती, आणि सोजरबाईनं वाटेत भाचीच्या घरी थांबून बरणी उघडून पट्टी धुतली होती!

"अहो काय केलंत हे?" बुद्धप्रियाचा आवाज खालच्या मजल्यावर गेला असेल. "बरणी उघडायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? पंधरा दिवस तो माणूस ताप काढत पडला, आणि तुम्ही नळाखाली धरून सगळं घालवलंत?"

सोजरबाई आधी बावचळली, मग तिचे डोळे भरले, पण मान काही खाली गेली नाही. "नळाला कुटलं पानी? बॅरलमदलं घ्यातलं," ती म्हणाली. "रक्तामासानं बरबटलं हुतं ते. माज्या मालकाच्या अंगातलं हाय. तसंच आणलं असतं आनि हितं कुनी नाक मुरडलं असतं, तर? मला न्हाय सोसलं असतं, ताई."

बुद्धप्रियानं डबा जवळ ओढला. कुणी नाक मुरडलं असतं हे तिलाही ठाऊक होतं.

हत्तुरे डॉक्टर आवाज ऐकून आत आले, डबा बघितला, आणि त्यांनी निकाल दिला. "धुतलेला नमुना घ्यायचा नाही. नियम आहे. परत पाठव."

"परत कुठं पाठवू, सर? पायात?"

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"सर, एक सांगा. पाण्याच्या बॅरलला आतून बुळबुळीत थर धरतो. तो नुसतं पाणी ओतून जातो का?"

"नाही. घासावा लागतो."

"मग धातूवर दीड वर्ष बसलेल्या जंतूंचा थर एका धुण्यात जाईल? ते चिकटून बसतात, वरून चिकट पांघरूण घेतात. म्हणून तर औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि पू तपासला तरी ते सापडत नाहीत. मावशींनी धुतलं ते वरवरचं. खालचे आहेत तिथंच असतील की."

"असतील. पण बॅरलमधले जंतू आता वर जाऊन बसलेत, त्याचं काय? आणि हातावरचे? तू प्लेटवर काहीतरी वाढवशील. ते पायातलं, पाण्यातलं का हातातलं, हे कशावरून सांगशील?"

हा प्रश्न ऐकला आणि बुद्धप्रियाचा राग कुठल्या कुठं गेला. खरंच की! कशावरून सांगायचं? असा प्रश्न हाती लागला, की तिला जेवणसुद्धा गोड लागत नसे.

तिनं दहा मिनिटांत बेत आखला. वरचे जंतू सैल बसलेले, म्हणून पट्टी आधी निर्जंतुक सलाइनमध्ये तीनदा हलकेच विसळायची, आणि तिन्ही विसळण्यांचं पाणी वेगवेगळ्या प्लेटांवर लावायचं. सैल आहेत ते पहिल्या दोन विसळण्यांत निघून यावेत. मग पट्टी ताज्या सलाइनच्या बरणीत घालून बरणी टबात ठेवायची. हा टब म्हणजे चष्म्याच्या दुकानात काचा साफ करायला असतो तसला, कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजानं पाणी थरथरवणारा. डॉक्टरांनी तो मोठ्या हौसेनं आणला होता, आणि आठ महिने त्याच्यावर जुनी कॅलेंडरं पडून होती. त्या थरथरीनं चिकट थर उखडतो आणि खालचे जंतू पाण्यात येतात. ते पाणी पुन्हा वेगळ्या प्लेटांवर.

"आता मावशी, तुमचा हात द्या."

सोजरबाईनं हात मागं घेतला. "अंगटा कशापायी? मी न्हाय कुटं अंगटा देत. सही येती मला."

"सही नको, पंजा पाहिजे. पट्टी चोळली तो."

लालसर प्लेटवर तिनं सोजरबाईची बोटं हलकेच टेकवली. सोजरबाईनं वाकून प्लेटकडं बघितलं. मग म्हणाली, "ह्यात माजं काय उगवनार?"

"तेच बघायचंय," बुद्धप्रिया म्हणाली, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा हसली.

राहिलं बॅरलचं पाणी. भाचीचं घर पेठेतच, चार गल्ल्या पलीकडं. आणि तिथं जाताना बुद्धप्रियाला एकदम आठवलं, चावीवाल्याची मुलगी ती. उद्या मंगळवार, म्हणजे त्या गल्लीचा पाण्याचा दिवस. सोलापुरात पाणी यायच्या आदल्या दिवशी बायका काय करतात ते सांगायला नको. ती जवळजवळ पळतच गेली. सोजरबाई मागून, "अगं ताई, दमानं!"

दारात भाची सोनाली बॅरल आडवा करून हातात घासणी घेऊन बसली होती.

"थांबा!" बुद्धप्रिया ओरडली. "पाणी सांडू नका!"

सोनालीला आधी काही कळेना. कळलं तेव्हा ती चांगलीच तापली. "आमचं पानी तपासनार? का वं? आमच्या घरात कोन आजारी न्हाय. दर पाचव्या दिवशी बॅरल घासते मी. मावशी, कुनाला घेऊन आलीस तू?"

"सोने, तिला बघू दे. तुज्या काकाच्या पायाचं हाय," सोजरबाई म्हणाली.

सोनालीनं घासणी खाली ठेवली. आडव्या बॅरलच्या तळाला जेमतेम तांब्याभर पाणी उरलं होतं. बुद्धप्रिया गुडघ्यावर बसली आणि तिनं निर्जंतुक बाटली त्यात धरली.

"तळाचं हाय ते, गाळ असतोय त्यात," सोनाली ओशाळून म्हणाली.

"गाळच पाहिजे मला."

सोनालीनं मावशीकडं बघितलं. ही बाई धड आहे ना, असं त्या बघण्यात होतं.

मंगळवारी काही दिसलं नाही. बुधवारी सकाळी तिनं इनक्युबेटरचं दार उघडलं आणि वास आला, गोडसर, द्राक्षांचा. जंतू हुंगू नयेत असं पुस्तकात लिहिलंय, तिलाही ते पाठ आहे, पण नाक काय पुस्तक वाचतं? पहिल्या विसळणीची प्लेट हिरवीगार. दुसऱ्या विसळणीवर तुरळक. तिसरीवर काही नाही. थरथरीच्या पाण्याच्या प्लेटवर दोनच डाग, तेही हिरवे. आणि बॅरलच्या पाण्याची प्लेट पहिल्या विसळणीसारखीच हिरवीगार.

"सुडोमोनास," हत्तुरे डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात फरहान डॉक्टरांचा फोन आला. माणसाचा ताप एकशे दोन, पायाला बाहेरून चौकट लावलीय, किती थांबू? काही नाव मिळालं का?

"नाव मिळालंय," हत्तुरे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोनवर हात ठेवून बुद्धप्रियाकडं बघितलं. "देऊ ना?"

"नका देऊ, सर! हे बॅरलचं नाव आहे. सिद्रामचं नाही."

त्या दिवशी डॉक्टर तिच्यावर खरोखर चिडले. तिकडं पेशंट तापानं भाजतोय आणि हिला खात्री पाहिजे! ते म्हणाले, शुक्रवारपर्यंत वाट बघेन, शनिवारी सकाळी जे असेल ते कळवेन. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं, "थोडं थांबा." बुद्धप्रियाला त्या रात्री जेवण गेलं नाही. शुक्रवारपर्यंत काही आलंच नाही, तर? चुकीच्या नावाचं औषध जाईल, खरा जंतू आत तसाच राहील, आणि पुढच्या वेळी करवत.

पण तिनं एक आणखी केलं होतं. तिसऱ्या विसळणीचं आणि थरथरीचं पाणी तिनं वेगवेगळ्या मिठाच्या प्लेटांवरही लावलं होतं. लोणच्यात मीठ जास्त घालतात ते का, तर बहुतेक जंतूंना ते सोसत नाही. बॅरलच्या हिरव्यालाही सोसत नाही. पण माणसाच्या कातडीवरचे काही जंतू घामाच्या मिठात वाढलेले, त्यांना त्याचं काही वाटत नाही. बुधवारी थरथरीची प्लेट कोरी होती. गुरुवारी कोरी, की तिला कोरी दिसली, कोण जाणे. शुक्रवारी सकाळी तिनं ती खिडकीशी नेऊन तिरपी धरली, आणि गुलाबी प्लेटवर तिला बारीक पांढरे ठिपके दिसले, खसखशीएवढे. दहावीस नव्हे. ती मोजत गेली आणि दोनशेच्या पुढं मोजायचं सोडून दिलं. तिसऱ्या विसळणीच्या मिठाच्या प्लेटवर एकही नव्हता.

मायक्रोस्कोपखाली जांभळ्या गोल कणांचे झुबके. स्टॅफिलोकोकस, पण त्यातला गरीब भाऊ, प्रत्येकाच्या कातडीवर सुखानं राहणारा, कुणाला काही न करणारा. धातू मिळाला की मात्र हा बदलतो, त्यावर घर करतो.

हत्तुरे डॉक्टरांनी सोजरबाईच्या पंज्याची प्लेट तिच्यापुढं ठेवली. तिच्यावरही तसेच पांढरे ठिपके.

बुद्धप्रियानं दोन्ही प्लेटा शेजारी शेजारी धरल्या. पाच दिवस बॅरलच्या मागं धावली, आणि आता हा हाताचा निघतो की काय? पण लगेच तिच्यातली खोड जागी झाली. दिसायला सारखे, मान्य. पण वागायला सारखे आहेत का? तिनं दोन्ही जंतूंच्या नव्या प्लेटांवर कागदाच्या चकत्या मांडल्या, प्रत्येकीत वेगळं औषध. दुसऱ्या दिवशी शनिवार. सोजरबाईच्या हातावरचा जंतू प्रत्येक चकतीपासून लांब पळाला होता, चकतीभोवती स्वच्छ गोल. पट्टीवरचा अकरापैकी सात चकत्यांच्या कडेपर्यंत बिनधास्त वाढला होता. दीड वर्ष गोळ्यांचा मार खाऊन निगरगट्ट झालेला तो. उरलेली चार औषधं मात्र त्यालाही सोसत नव्हती. चार होती! बुद्धप्रिया एकटीच त्या खोलीत टाळी वाजवून हसली.

हत्तुरे डॉक्टरांनी दोन्ही प्लेटा उजेडात धरून बघितल्या. "पटतंय मला," ते म्हणाले. "रिपोर्टमध्ये पट्टी धुतलेली होती हेही लिही, काही लपवू नको. पण नमुना एकच आहे. दुसरा कसला पुरावा असता, तर फरहानला छाती ठोकून सांगितलं असतं. जुने कागद आहेत का त्यांच्याकडं?"

सोजरबाई रोज सकाळी लॅबच्या बाकावर येऊन बसायची, कुणी बोलावलं नाही तरी. बुद्धप्रियानं तिला आत घेतलं आणि कागद मागितले. सोजरबाईनं प्लॅस्टिकची पिशवी तिच्यासमोर रिकामी केली. एक्स-रे, चिठ्ठ्या, औषधांच्या याद्या. मध्ये एक रिपोर्ट, गेल्या वर्षीचा. पायातला पू. वाढ नाही. वर नाव याच लॅबचं, खाली कोपऱ्यात तपासणाऱ्याची खूण: बु. स.

तिनं कपाटातलं गेल्या वर्षीचं रजिस्टर काढलं. रिपोर्टवर जात नाही ते सगळं त्यात हातानं लिहिलेलं असतं. तारीख सापडली, नंबर सापडला. स्वतःचंच अक्षर. 'तिसऱ्या दिवशी पांढरे बारीक ठिपके, पाच. कातडीवरचे. महत्त्व नाही. सोडून दिलं.'

बाहेर हत्तुरे डॉक्टर फोनपाशी तिची वाट बघत होते. तिनं रजिस्टर नेऊन त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी वाचलं. "नियमाप्रमाणं बरोबर होतं तुझं," ते म्हणाले. "एकच नमुना, पाचच ठिपके. मीच सही केलीय त्यावर." मग त्यांनी फरहान डॉक्टरांना फोन लावला, जंतूचं नाव सांगितलं, चार औषधं सांगितली, आणि हा जंतू याच माणसात वर्षापूर्वीही दिसला होता हेही सांगितलं. पलीकडून फरहान डॉक्टर म्हणाले, आज दुपारीच सुरू करतो.

बुद्धप्रिया आत आली. सोजरबाई कागद गोळा करत होती.

"मावशी, नाव सापडलं. औषध आज सुरू होतंय."

"पाय?"

"डॉक्टर म्हणाले, आता वाचवायची आशा चांगली आहे."

सोजरबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली, मोठ्यानं, लाज न धरता. "माज्या हातनं घालवलं म्हनून पाच दिस डोळ्याला डोळा न्हाय ताई. मालकाला तोंड दावलं न्हाय मी."

"तुमच्या हातून काही गेलं नाही," बुद्धप्रिया म्हणाली. तिनं ते बोलायचंच ठरवलं होतं. "गेलं ते माझ्या हातून. वर्षापूर्वी यांचा पू मीच तपासला होता. हाच जंतू तेव्हा मला दिसला होता. अंगात धातू असेल तरच हा घात करतो, आणि मी महत्त्वाचा नाही म्हणून सोडून दिला. सोमवारी मी तुमच्यावर ओरडले, आणि चूक माझीच होती, मावशी."

सोजरबाईचं रडणं थांबलं. तिनं पदरानं डोळे पुसले. बुद्धप्रियाला वाटलं, आता ही शिव्या देईल, आणि द्याव्यात. पण सोजरबाईनं शिव्या दिल्या नाहीत. तिनं हळूच विचारलं, "तू तर समद्याला इचारत बसतीस, ताई. बॅरलला इचारलंस, माज्या हाताला इचारलंस. तवा कुनाला का न्हाय इचारलंस, की ह्या मानसाच्या पायात लोखंड हाय का?"

बुद्धप्रियानं रजिस्टर मिटलं.

"तेव्हा मला वाटलं, मावशी, की मला माहीत आहे," ती म्हणाली.